स्वभावाला औषध नाही?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, स्मरणिकेसाठी थोडं आवरून)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तर एआयवर बोल. वीस मिनिटं." मी हो म्हटलं, पण विषय बदलून मागितला. एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत आणि इथं बसलेल्या निम्म्या जणांची मुलं मलाच त्यावर चार गोष्टी शिकवतील. मला बोलायचं आहे ते माणसाच्या स्वभावाबद्दल. आपल्याकडे दोन म्हणी आहेत. एक, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. दुसरी, स्वभावाला औषध नाही. या दोन म्हणी खऱ्या धरल्या तर तीस वर्षांनी एकत्र येऊन बघण्यासारखं काही उरतच नाही. जो जसा होता तो तसाच असणार. म्हणून या म्हणी किती खऱ्या आहेत हे जरा तपासून बघू.

हा विषय सुचण्याचं कारण आपला व्हॉट्सॲप ग्रुप. गेल्या सहा महिन्यांत आपण सगळे त्यावर जमलो. आज कोणी बँकेत शाखाधिकारी आहे, कोणी द्राक्षबाग बघतं, कोणी शिक्षिका आहे, कोणाचं हार्डवेअरचं दुकान आहे. पण ग्रुपवर आल्या आल्या सगळे परत दहावी 'अ' आणि 'ब' चे झाले. जो वात्रट होता त्याच्या साध्या 'सुप्रभात'वरही सगळे हसतात. जी हुशार होती तिलाच सगळे शंका विचारतात, मग ती आयकराची असो की गुडघेदुखीची. यात गंमत आहे आणि ती मलाही हवीशी वाटते.

मुलींना फोन करून बोलावण्याचं काम माझ्याकडे होतं. एकीनं अगदी गोड शब्दांत नकार दिला. मी फारच लावून धरल्यावर म्हणाली, "अगं, मी आता चाळीस माणसांचं युनिट सांभाळते. पण तिथं आले की मी परत रडूबाईच होणार. एका दिवसासाठी कशाला?" तिला विचारून, नाव न घेता, हे सांगते आहे. कृपया ती कोण याचा अंदाज बांधत बसू नका. तिच्या बोलण्यात जो प्रश्न आहे तो मात्र आपल्या सगळ्यांचा आहे. आपण खरे कोण? पंधराव्या वर्षी वर्गानं पाहिलेलं माणूस, की आज घरी आणि कामावर असतं ते?

मी मानसशास्त्राची पदवीधर नाही, इंजिनीअर आहे. या विषयाशी गाठ पडली ती नोकरीमुळे. काही वर्षं मी अशा एका टीममध्ये होते, जी कंपन्यांना नोकरभरतीसाठी व्यक्तिमत्त्व चाचणीचं सॉफ्टवेअर करून देत असे. उमेदवारानं शंभरेक वाक्यांना 'पूर्ण सहमत' ते 'अजिबात असहमत' अशा खुणा करायच्या आणि आमच्या प्रोग्रॅमनं त्यातून आकडे काढायचे. डेटाबेसमध्ये एका माणसाचा स्वभाव म्हणजे पाच रकाने आणि पाच आकडे. पहिल्याच दिवशी वाटलं, माणूस पाच आकड्यांत कसा मावेल? मग वाचायला लागले. त्या वाचनातलं जे पक्कं वाटलं, तेवढंच आज सांगते.

हे पाच आकडे आले कुठून, त्याची गोष्ट भाषेच्या तासाला शोभेल अशी आहे. १९३६ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ओडबर्ट या दोघांनी वेबस्टरचा मोठा शब्दकोश घेतला आणि माणसामाणसांतला फरक सांगणारे सगळे शब्द त्यातून वेचले. त्यामागचा विचार साधा होता. स्वभावातली जी गोष्ट रोजच्या व्यवहारात महत्त्वाची असेल, तिच्यासाठी लोकांनी केव्हा ना केव्हा शब्द घडवलेलाच असणार. त्यांना सुमारे १८ हजार शब्द मिळाले. त्यांतले साधारण साडेचार हजार टिकाऊ स्वभावगुणांचे होते. आपली मराठीही यात मागे नाही. घुमा, आगाऊ, खवट, मनमिळाऊ, चेंगट, तऱ्हेवाईक, भोळसट, आतल्या गाठीचा, हरहुन्नरी, कजाग, सोशिक. यांतला निदान एक शब्द इथल्या प्रत्येकाला कोणी ना कोणी लावलेला आहे.

पुढच्या काही दशकांत वेगवेगळ्या संशोधकांनी या शब्दांच्या याद्या लोकांना दिल्या, स्वतःला आणि ओळखीच्यांना गुण द्यायला सांगितलं आणि कोणते शब्द एकमेकांच्या बरोबरीनं वरखाली होतात हे गणितानं पाहिलं. पुन्हा पुन्हा पाच गट हाती आले. नव्याची ओढ. कामातला काटेकोरपणा. लोकांत रमणं. इतरांशी जुळवून घेणं. आणि मनाची चलबिचल, म्हणजे चटकन काळजीत पडण्याचा किंवा हळवं होण्याचा कल. आमच्या डेटाबेसमधले पाच रकाने ते हेच.

यात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हे पाचही गुण विजेच्या बटणासारखे चालू-बंद नसतात, पंख्याच्या रेग्युलेटरसारखे कमीजास्त असतात आणि बहुतेक माणसं मधल्या आकड्यांवर असतात. अगदी टोकाला थोडीच. आपण वर्गात मात्र टोकाचीच नावं ठेवायचो. 'ती मध्यम बोलकी आहे' असं म्हणून कोणाला टोपणनाव पडत नाही.

तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी ट्रेनिंगमध्ये आणखी एक चाचणी दिली असेल. तिच्यात शेवटी चार इंग्रजी अक्षरं मिळतात आणि सोळा प्रकारांपैकी आपला प्रकार कळतो. मायर्स-ब्रिग्ज चाचणी. कॅथरिन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इसाबेल मायर्स यांनी ती कार्ल युंगच्या कल्पनांवरून तयार केली. दोघींपैकी कोणाचंही मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण झालेलं नव्हतं. चाचणी लोकप्रिय आहे, पण तिची अडचण पेट्यांची आहे. ५१ गुण मिळालेला 'बहिर्मुख' आणि ४९ मिळालेला 'अंतर्मुख' अशा दोन वेगळ्या पेट्यांत पडतो, प्रत्यक्षात दोघं जवळजवळ सारखे असले तरी. त्यामुळे काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली की बऱ्याच जणांची पेटी बदलते. तरीही आपल्याला आपली पेटी आवडते, कारण 'तू असा आहेस' हे कोणीतरी ठामपणे सांगितलेलं माणसाला बरं वाटतं.

किती बरं वाटतं, हे बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी १९४८ साली आपल्याच वर्गात दाखवून दिलं. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला त्याचं 'खास' स्वभाववर्णन दिलं. ते स्वतःला किती लागू पडतं याला पाचपैकी गुण द्यायला सांगितलं. सरासरी आली ४.२६. मग उघड झालं की सगळ्यांना एकच कागद दिला होता आणि त्यातली वाक्यं बहुतेक एका भविष्याच्या पुस्तकातून घेतलेली होती. रविवारच्या पुरवणीतलं राशिभविष्य आपल्याला पटतं, त्याचं कारणही हेच.

आता शाळेकडे येते. सर आणि बाई समोर बसले आहेत, म्हणून हा भाग जरा सावकाश सांगते.

१९२० च्या दशकात ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे या दोन अमेरिकी संशोधकांनी दहा हजारांहून जास्त शाळकरी मुलांचा प्रामाणिकपणा तपासला. मुलांना स्वतःचा पेपर स्वतः तपासायला दिला, उत्तरं हाताशी ठेवली. खेळाच्या स्पर्धेत स्वतःचा आकडा स्वतः लिहायला सांगितला. काही प्रसंगांत नाणी हाताशी ठेवली. कोण काय करतं हे मुलांच्या नकळत कळेल अशी व्यवस्था होती. कल्पना अशी होती की प्रामाणिक मुलं एका बाजूला आणि लबाड मुलं दुसऱ्या बाजूला अशी स्पष्ट विभागणी होईल. तसं झालं नाही. परीक्षेत उत्तर बदलणारा मुलगा पैशाला हात लावत नव्हता. पैशाच्या बाबतीत डळमळीत असलेली मुलगी खेळात खरा आकडा लिहीत होती. प्रसंग जितके सारखे, तितकं वागणं सारखं. प्रसंग बदलला की वागणंही बरंच बदलायचं.

चाळीस वर्षांनी, १९६८ साली, वॉल्टर मिशेल यांनी एक पुस्तक लिहून सगळ्या मानसशास्त्रज्ञांना कोड्यात टाकलं. तोवरचे अभ्यास एकत्र ठेवून ते म्हणाले की, चाचणीतला स्वभावाचा आकडा आणि प्रत्यक्ष एखाद्या प्रसंगातलं वागणं यांचा संबंध फार तर ०.३ इतकाच निघतो. या मोजपट्टीवर ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पूर्ण संबंध. मग स्वभाव नावाची गोष्ट आहे तरी का? पुढची वीसेक वर्षं यावर जोरदार वाद झाला. सेमूर एपस्टाइन यांनी त्यातला एक महत्त्वाचा मुद्दा मांडला. एका दिवसावरून काही सांगता येत नाही, पण अनेक दिवसांची सरासरी काढली तर माणूस बऱ्यापैकी स्थिर दिसतो. म्हणजे स्वभाव आहे. एकेका प्रसंगात तो चकवतो, इतकंच.

या वादातून निघालेलं उत्तर मला इंजिनीअर म्हणून फार आवडलं, कारण ते आम्ही रोज जे लिहितो त्याच्यासारखं आहे. न्यू हॅम्पशायरमध्ये वेडिको नावाचं मुलांचं उन्हाळी शिबिर भरत असे. वागणुकीच्या अडचणी असलेली मुलं तिथं सहा आठवडे राहायची. युइची शोडा, मिशेल आणि जॅक राइट यांनी तिथल्या मुलांचं तासन्‌तास निरीक्षण केलं. मूल किती भांडतं एवढंच मोजून ते थांबले नाहीत, ते कधी भांडतं हेही त्यांनी टिपलं. दुसऱ्या मुलानं चिडवलं तेव्हा? दुसरं मूल प्रेमानं जवळ आलं तेव्हा? मोठ्यांनी कौतुक केलं, ताकीद दिली, शिक्षा केली तेव्हा? असं दिसलं की एकूण बेरीज सारखी असलेली दोन मुलंही आतून वेगळी असू शकतात. एक मोठ्यांनी ताकीद दिली की उसळतं, पण मित्रांशी चांगलं असतं. दुसरं मोठ्यांचं ऐकतं, पण बरोबरीचं मूल जवळ आलं की हात उगारतं. आणि प्रत्येकाचा हा नमुना पुन्हा पुन्हा तसाच दिसतो. स्वभावाची खरी सही इथं आहे, असं त्यांचं म्हणणं. जर असं झालं, तर ती असं करते. प्रोग्रॅमिंगमध्ये आम्ही याला 'इफ-देन' म्हणतो.

आता आपली प्रगतिपुस्तकं आठवा. शेऱ्याच्या रकान्यात 'हुशार पण बडबडी', 'अभ्यासात लक्ष नाही', 'मितभाषी' असं काहीबाही असायचं. साठ-पासष्ट मुलांचा वर्ग, इंचभर जागा आणि तपासायच्या वह्यांचा ढीग, त्यात एवढं लिहून होत होतं हेच खूप आहे. त्या शेऱ्यांत खोटं काही नव्हतं. फक्त त्यांत 'जर' नव्हता. वर्गात मान खाली घालून बसणारा मुलगा कबड्डीच्या मैदानावर सगळ्या टीमला ओरडून हलवत होता, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. तो मितभाषी होता का? गणिताच्या तासाला होता. आणि जिला आपण रडूबाई म्हणायचो, ती कधी रडायची? तिच्या अक्षरावरून चारचौघांत तिचं हसं झालं की रडायची. सहलीला गाडी बंद पडून रात्र झाली तेव्हा ती रडली नव्हती, हेही बऱ्याच जणींना आठवत असेल. पण नाव पडलं ते पडलं.

मग दुसरा प्रश्न. पंधराव्या वर्षीचं माणूस पुढे किती उरतं?

याचा एक अभ्यास स्कॉटलंडमध्ये झाला आणि तो जणू आपल्यासारख्या मेळाव्यासाठीच केला असावा. १९३६ साली जन्मलेल्या १,२०८ मुलांना त्यांच्या शिक्षकांनी १९५० मध्ये, म्हणजे मुलं १४ वर्षांची असताना, सहा गोष्टींत गुण दिले होते. आत्मविश्वास, चिकाटी, मनःस्थितीची स्थिरता, कामातली सचोटी, कल्पकता आणि पुढे जाण्याची जिद्द. २०१२ साली संशोधकांनी त्यांना पुन्हा शोधलं. ६३५ जणांशी संपर्क झाला आणि १७४ जण तयार झाले. आता त्यांचं वय होतं ७७. त्यांनी त्याच सहा गोष्टींत स्वतःला गुण दिले आणि त्यांना चांगलं ओळखणाऱ्या एका नातेवाइकानं किंवा मित्रानंही दिले. मग ६३ वर्षांच्या दोन टोकांचे आकडे शेजारी ठेवले. सहापैकी एकाही गुणात त्यांचा म्हणण्यासारखा संबंध सापडला नाही.

यावरून 'काहीच टिकत नाही' असा निष्कर्ष काढणं घाईचं होईल. गुण देणारी माणसं वेगळी होती, शेवटपर्यंत उरलेली संख्या लहान होती आणि ६३ वर्षं हा फार मोठा काळ आहे. हवाईमध्ये १९६० च्या आसपास प्राथमिक शिक्षकांनी दोन हजारांवर मुलांना असेच गुण दिले होते. चाळीस वर्षांनी पाहिलं तेव्हा लोकांत रमणं आणि काटेकोरपणा या दोन गोष्टी थोड्याफार टिकलेल्या दिसल्या. मनाच्या चलबिचलीचा मात्र लहानपणच्या शेऱ्याशी काहीही संबंध उरला नव्हता. म्हणजे जिला शिक्षकांनी हळवी, घाबरट म्हटलं, ती पुढे तशीच राहील असं सांगताच येत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला आपल्या न आलेल्या मैत्रिणीची आठवण झाली.

ब्रेंट रॉबर्ट्स आणि वेंडी डेलव्हेकिओ यांनी २००० साली असे १५२ दीर्घकालीन अभ्यास एकत्र केले, तेव्हा चित्र आणखी स्वच्छ झालं. त्याच ० ते १ च्या मोजपट्टीवर लहानपणी स्वभावाची स्थिरता ०.३१ होती. कॉलेजच्या वयात ०.५४, तिशीत ०.६४ आणि पन्नाशीनंतर ०.७४ च्या आसपास. म्हणजे वय वाढतं तसा स्वभाव स्थिरावत जातो, पण १ पर्यंत कधीच पोचत नाही. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये लिहिलं होतं की तिशीपर्यंत माणसाचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. पुढे लाखावर लोकांच्या माहितीवरून दिसलं की तिशीनंतरही बदल चालू राहतो. सर्वसाधारणपणे माणसं वयाबरोबर जास्त जबाबदार होतात आणि जुळवून घ्यायला शिकतात. नोकरी, संसार, आजारपणं, घराचे हप्ते यांचा त्यात वाटा असावा. स्वभावाला औषध नाही हे कदाचित खरं असेल, पण आयुष्य त्याच्यावर सावकाश काम करत असतं.

२०१३ मधला एक निष्कर्षही सांगण्यासारखा आहे. १८ ते ६८ वयाच्या १९ हजारांहून जास्त लोकांना विचारलं, मागच्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल? प्रत्येक वयाच्या लोकांचं उत्तर साधारण एकच. मागं खूप बदललो, पुढं फारसे बदलणार नाही. विशीतला हेच म्हणतो आणि साठीतलाही. माणसाला वाटतं, मी आता पूर्ण तयार झालो. आपणही आज तसंच समजत असणार.

इथवर गुणांचं बोलले. पण 'मी कोण' याचं उत्तर गुणांच्या यादीत संपत नाही. डॅन मॅकअॅडम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ तीन थर मांडतात. पहिला स्वभावाचा, जो लोकांना बाहेरून दिसतो. दुसरा, आपल्याला काय हवं आहे आणि त्यासाठी आपण काय करतो याचा. तिसरा थर गोष्टीचा. मी अशी का झाले, कुठून आले, कोणत्या वळणावर काय घडलं, ही प्रत्येकाची स्वतःशी चाललेली कहाणी. आमचा डेटाबेस पहिल्या थरापाशी थांबत होता. दुसरा आणि तिसरा थर माणसाशी बोलल्याशिवाय कळत नाही.

आणि ती कहाणी आपण एकट्यानं लिहीत नाही. समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मांडलं की माणसाला स्वतःची ओळख दुसऱ्याच्या आरशात होते. समोरच्याला मी कशी दिसते, त्याला त्याबद्दल काय वाटतं असेल, यावरून मी माझ्याबद्दल मत बनवते. पंधराव्या वर्षी आपल्यासमोर साठ आरसे होते, रोज सहा तास.

एरिक एरिक्सन यांनी हे स्वतः भोगलं होतं. 'ओळखीचा पेच' ही कल्पना त्यांची. त्यांचा जन्म १९०२ चा, जर्मनीतला. ज्यू घरात वाढले, सावत्र वडिलांचं आडनाव लावत होते आणि खरे वडील कोण हे त्यांना कधीच कळलं नाही. उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा मुलगा. प्रार्थनास्थळातली मुलं त्याला परका म्हणून चिडवायची आणि शाळेतली मुलं ज्यू म्हणून. दोन ठिकाणी दोन शिक्के आणि त्यातला एकही त्याचा नाही. पुढे ते अमेरिकेत गेले आणि १९३९ मध्ये तिथलं नागरिकत्व घेताना एरिक्सन हे आडनाव त्यांनी स्वतः निवडलं. अक्षरशः 'एरिकचा मुलगा'. त्यांनीच पुढे सांगितलं की किशोरवयात मूल 'मी कोण' याचं उत्तर शोधतं तेव्हा आजूबाजूच्यांनी त्याला ओळखणं, मान्य करणं हा त्या शोधाचा भाग असतो. महात्मा गांधींवर १९६९ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं, त्याचा केंद्रबिंदू १९१८ चा अहमदाबादच्या गिरणी कामगारांचा संप. तेव्हा गांधीजी ४८ वर्षांचे होते. आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठे.

एरिक्सन यांच्या मते आपल्या या वयाचा प्रश्न वेगळा असतो. 'मी कोण' मागं पडतं आणि 'माझ्यामागून येणाऱ्यांसाठी मी काय करणार' हे समोर येतं. ते जमलं नाही तर माणूस साचून राहतो. म्हणून या सगळ्याचा आपल्याला उपयोग काय, तेवढं सांगून थांबते.

पहिली गोष्ट आपल्या मुलांची. आपल्यातल्या पुष्कळ जणांची मुलं आज आठवी-नववी-दहावीत आहेत. पालकसभेहून परत येताना आपण गाडीवरच निकाल देऊन टाकतो, 'तू आळशीच आहेस', 'हा पहिल्यापासूनच घाबरट'. त्याऐवजी वाक्यात 'जर' घालून बघा. गणिताला बसलं की टाळतो. नवीन माणसं आली की गप्प होतो. असं म्हटलं की काय बदलता येईल हे लगेच दिसतं. 'आळशी' या शब्दाचं काही करता येत नाही. गणिताचं करता येतं.

दुसरी गोष्ट आपल्या शिक्षकांसाठी. सर, बाई, तुम्ही केलेले शेरे त्या खोलीतल्या, त्या वर्षीच्या मुलांचे होते आणि त्या मुलांपुरते ते बरोबर होते. पण शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा रकाना असतो. काल मी माझा दाखला काढून पाहिला आणि ग्रुपवर बाकीच्यांना विचारलं. वर्गातल्या सगळ्यांत शांत मुलीच्या दाखल्यावर 'चांगली' आणि ज्याच्यापायी मुख्याध्यापकांनी तीनदा वडिलांना बोलावलं त्याच्याही दाखल्यावर 'चांगली'. जाताना शाळेनं कोणाच्याही पाठीला शिक्का लावून पाठवलं नाही. त्याबद्दल तुमचे आभार.

तिसरी गोष्ट आपल्यासाठी. सॉफ्टवेअरमध्ये अनेकदा असं होतं की मूळ माहिती बदललेली असते, पण एखाद्या मशिनवर तिची जुनी प्रत साठून राहते आणि ते मशिन तीच दाखवत बसतं. आपल्या एकमेकांबद्दलच्या आठवणींचं तसं झालेलं आहे. जुनी प्रत पुसून टाका असं मी म्हणणार नाही, तिच्यावर तर आजचा दिवस उभा आहे. टोपणनावं घ्या, किस्से सांगा, हसा. फक्त जेवणाच्या पंगतीत शेजारच्याला 'तू अजून तसाच आहेस' म्हणण्याआधी एकदा विचारा की या तीस वर्षांत काय काय झालं. आणि पूर्ण उत्तर ऐका.

आपल्या यादीत अकरा नावांपुढे 'येणार नाही' असं लिहिलेलं आहे. काहींना रजा नाही, काही परदेशात आहेत, काहींच्या घरी आजारपण आहे. पण एकदोघं तरी आपल्याच जुन्या नावांना टाळत असतील. उद्या त्यांना फोन करू या. 'काय गं रडूबाई, आली नाहीस' असा नको. तिच्या युनिटमध्ये काय बनतं, तिनं ते कसं उभं केलं, हे विचारणारा.

सर, बाई, तुम्ही इतक्या लांबून आलात, शांतपणे ऐकून घेतलंत. मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही ऐकून घेतलंत, आणि शेवटच्या बाकांवरून एकही कागदी विमान आलं नाही. बदल होतो याचा माझ्यापुरता एवढा पुरावा पुरे आहे.